नारायण पेठेतला ४८६: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आत्याच्या माळ्यावरून आज संगणक खाली काढला. गोधडीत गुंडाळलेला कॅबिनेट, चौदा इंची मॉनिटर, कीबोर्ड, गोळीचा माउस आणि फ्लॉप्यांचे तीन डबे. १९९४ साली आत्याने कर्ज काढून हा घेतला आणि नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं काम, सुरू केलं. लग्नपत्रिका, प्रबंध, दिवाळी अंकांची पानं, सगळं यावर झालं. २००३ च्या सुमारास नवा पीसी आला आणि हा माळ्यावर गेला.

आता काढण्याचं कारण आमचा कुलवृत्तांत. १९९६ ची ३१२ पानी आवृत्ती आत्यानेच यावर जुळवली होती. नवी आवृत्ती काढायचं घरात ठरलंय. छापील पुस्तकावरून सगळं परत टाइप करायचं म्हणजे वर्ष जाईल, आणि नावा-सालांच्या नव्या चुका घुसतील त्या वेगळ्याच. मूळ फायली पेजमेकर ५ या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. फॉन्ट त्या काळचे, आणि मराठीचं पॅकेज प्रिंटर पोर्टला लॉक (नक्कल रोखणारा छोटा प्लग) लावल्याशिवाय उघडत नाही. लॉक आत्याने काडेपेटीत जपून ठेवलाय. म्हणजे फायली जशाच्या तशा बघायच्या तर हाच संगणक हवा.

आत्या म्हणाली, "लाव ना पिनेत, बघू तरी." मी नाही म्हटलं. वीसेक वर्षं बंद असलेलं यंत्र थेट २३० व्होल्टला जोडायचं नाही. उघडून बघेपर्यंत वायर कपाटात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुट्टी घेतली होती. कॅबिनेट उघडला. आत धूळ आहे, पण उदबत्तीच्या काजळीसारखी चिकट. मऊ ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवला, नाहीतर तो फिरून उलटा करंट तयार करतो.

पाटी अशी: प्रोसेसर इंटेल ४८६डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ. बोर्डाचा वेग ३३, आतून दुप्पट. बहात्तर पिनांच्या चार सिम (मेमरीच्या पट्ट्या), प्रत्येकी ४ एमबी. व्हेसा लोकल बस या तेव्हाच्या खाचेत बसणारं डिस्प्ले कार्ड, लांबलचक, बसवताना बोर्ड वाकेल की काय असं वाटावं इतकं घट्ट. ४२८ एमबीची हार्ड डिस्क. साडेतीन इंची आणि सव्वापाच इंची, दोन्ही फ्लॉपी ड्राइव्ह.

आणि जे दिसेल अशी भीती होती ते दिसलं. कीबोर्डच्या सॉकेटाजवळ निळी, पिंपाच्या आकाराची बॅटरी. ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम. दोन्ही टोकांना हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखा थर, आणि तो बोर्डावर तळहाताच्या अर्ध्याएवढा पसरलेला.

जुन्या ३८६-४८६ बोर्डांचा खरा वैरी हाच. बॅटरीतला द्रव अल्कली असतो, तो तांब्याच्या रेघा खातो. वरच्या हिरव्या रंगाच्या खालून सरकतो, त्यामुळे वरून सगळं शाबूत दिसतं आणि आत रेघ तुटलेली असते. यंत्र बंद असलं तरी हे चालूच राहतं. ज्यांच्या घरी माळ्यावर असा संगणक असेल त्यांना हात जोडून सांगेन: चालू करायचा असो वा नसो, आधी ती बॅटरी कापून काढा.

मी कापून काढली. आत्याला दाखवली तर तिने बराच वेळ हातात धरली. मग म्हणाली, "एवढीशी तर आहे." तिला हात साबणाने धुवायला लावले.

१८ जानेवारी, शनिवार

साफसफाई. अल्कलीवर सौम्य आम्ल हवं, म्हणून स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर. कापसाच्या काडीने थेंब थेंब. फेस येतो, तो थांबेपर्यंत करत राहायचं. मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. नळाचं पाणी नको, क्षार राहतात. बोर्ड दोन दिवस पंख्याखाली, उन्हात नाही.

कॅबिनेटच्या तोंडावर, टर्बोच्या बटणाच्या वर, कुंकवाची फिकट बोटं आहेत. खंडेनवमीला आत्या पूजा करायची. प्लॅस्टिक पिवळं पडलंय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की ते पांढरं करता येतं. मी करणार नाही. यंत्र चालायला त्याची गरज नाही, आणि कुंकू जाईल.

२५ जानेवारी, शनिवार

आज एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. वरच्या मजल्यावरचे काका आले, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सोल्डरिंगमधला त्यांचा हात मी लहानपणापासून पाहतेय.

काकांनी डबा उघडायच्या आधीच बजावलं, "वायर काढली म्हणजे मेलं असं समजू नकोस." आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरांवर मिळून सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठतो. मीटर लावून शून्य दिसल्यावरच हात घातला.

फेज आणि न्यूट्रलच्या मधे बसवलेला कागदी फिल्टर कपॅसिटर होता. त्याच्या पारदर्शक कवचाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. त्या चिरांतून इतकी वर्षं पावसाळ्याची दमट हवा आत गेलेली. वीज दिल्यावर असा कपॅसिटर तापतो, फुटतो, आणि घरभर धूर करतो. १२ तारखेला आत्याचं ऐकलं असतं तर बहुधा हेच झालं असतं. तापकीर गल्लीतून एक्स-टू वर्गाचा, ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्टचा फिल्मचा आणला आणि बसवला.

या जुन्या, एटी पद्धतीच्या कॅबिनेटची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात. बटणाच्या मागच्या चारही टोप्या तपासल्या. एकीचं रबर तडकलं होतं, तिथे नवी नळी चढवली.

मग सिरीज लॅम्प. शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून एसएमपीएसला वीज दिली. बल्ब एकदा भडकला आणि मंद झाला. शॉर्ट नाही. त्यानंतर लॅम्प काढून खरा लोड दिला, कारण हे जुने पुरवठे लोडाशिवाय नीट सुरूच होत नाहीत: पाच व्होल्टला एक आणि बाराला एक, गाडीचे दोन बल्ब. लाल तारेवर ५.०८, पिवळीवर ११.९. अर्धा तास चालू ठेवला. काका खुर्ची ओढून समोर बसून होते, चहा तिथेच घेतला.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली वीज. हार्ड डिस्क जोडली नाही, फक्त बोर्ड, मेमरी, डिस्प्ले कार्ड, स्पीकर. एसएमपीएसकडून बोर्डाला येणाऱ्या दोन सारख्या दिसणाऱ्या क्लिपा, पी-८ आणि पी-९. उलटसुलट बसतात, आणि तशा बसल्या तर बोर्ड जातो. नियम एकच: काळ्या तारा काळ्यांशेजारी, मधोमध. मी लावल्या, काकांनी बघितल्या, मी परत बघितल्या.

बटण दाबलं. पंखा फिरला, समोर हिरव्या आकड्यांत ६६ उजळलं. (हा आकडा काही मोजत नाही. मागे जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावून ठरवलेला असतो. तरी तो दिसल्यावर आत्याने टाळी वाजवली.) पडदा काळा. स्पीकरमधून सहा बीप.

बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, एएमआय कंपनीचा आहे. त्याच्या बीपांच्या यादीत सहा म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर, गेट ए-२०. ही चिप कीबोर्ड तर वाचतेच, शिवाय एक एमबीच्या पलीकडची मेमरी उघडणारी ए-२० ही ओळही तिच्याच हातात असते. चिप बॅटरीपासून दोन इंचांवर. म्हणजे दुखणं कुठे आहे ते यंत्राने स्वतःच सांगितलं.

जुन्या बाजारातून आयडीई पोर्ट (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) असलेला एक पेंटियम ४ चा बोर्ड साडेतीनशे रुपयांना घेऊन ठेवलाय. डिस्कसाठी लागेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आज पाच तास फक्त तीन रेघा.

मीटर कंटिन्युइटीवर ठेवून कंट्रोलरच्या एकेका पायापासून रेघ कुठे जाते ते शोधत गेले. चाळीस पाय. जिथे 'टीं' वाजायला हवं तिथे वाजलं नाही अशा तीन जागा सापडल्या. दोन कीबोर्ड सॉकेटाकडच्या, एक बॅटरी होती त्याच्या बरोबर खाली. भिंगातून पाहिलं तर तिथे रेघ नव्हतीच, नुसती काळपट सावली. फायबरच्या पेनने वरचा रंग हलके खरवडला. तांबं लख्ख दिसेपर्यंत मागे जायचं, काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. मग केसाएवढी वायर काकांनी टाचली. त्यांना आता चष्म्यावर भिंग लागतं, पण टोक टेकवलं की हात दगडासारखा थांबतो.

रात्री साडेनऊला वीज दिली. एकच छोटी बीप. मॉनिटर चारेक दिवस कोरड्या खोलीत वाळवून ठेवला होता, तो पहिल्यांदाच जोडला. काच तापायला काही क्षण गेले, आणि मग डाव्या कोपऱ्यात मेमरीचे आकडे मोजले जायला लागले. टिकटिक टिकटिक. आत्या तो आवाज ऐकून स्वयंपाकघरातून ओला हात तसाच घेऊन आली. "हा. हाच आवाज."

(मॉनिटर आम्ही उघडला नाही, उघडणारही नाही. पिक्चर ट्यूबवर वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात. ते काम ज्याने आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेत त्याचं.)

१६ फेब्रुवारी, रविवार

बॅटरी. बोर्डावर परत काही सोल्डर करायचं नाही असं ठरवलं. बाहेरच्या बॅटरीसाठी बोर्डावर चार पिनांचा हेडर आहे, जंपर बदलून तो चालू केला. तीन पेन्सिल सेलचा डबा, ४.५ व्होल्ट, मधे एक डायोड, म्हणजे बोर्ड सेलना चार्ज करायला जाणार नाही. डबा लांब वायरने कॅबिनेटच्या तळाशी, बोर्डापासून दूर. उद्या सेल गळले तर पत्र्यावर गळतील.

सेटअपमध्ये तारीख टाकली. हार्ड डिस्कचा टाइप ४७, म्हणजे आपण भरायचा: लेबलवरून ८९९ सिलिंडर, १५ हेड, ६२ सेक्टर. हे तीन आकडे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवले. लेबल एक दिवस वाचता येणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

डिस्क. हिला एकच संधी मिळेल असं धरून चाललो. म्हणून ४८६ वर चालू करून बघायचा मोह टाळला आणि थेट पेंटियम ४ च्या आयडीई पोर्टाला लावली. या जुन्या डिस्का यूएसबीच्या अडॅप्टरवर पुष्कळदा ओळखल्याच जात नाहीत, म्हणून हा बोर्ड. लिनक्स, आणि त्यावर जीएनयू डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्का वाचायचा प्रोग्रॅम. तो आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो, अडलेल्या जागा मॅपमध्ये टिपतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत जातो. मरणाऱ्या डिस्ककडून काम करून घेण्याची हीच पद्धत.

डिस्क फिरली. कण्हल्यासारखा आवाज, मग स्थिर. चार तासांनी ३७ सेक्टर सोडून सगळं आलं. प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे जेमतेम १९ केबी. डिस्क काढून अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिकाची पुडी घालून, कपाटात.

ते ३७ सेक्टर कोणाचे हे शोधलं. बहुतेक रिकाम्या जागेतले. अकरा मात्र कुलवृत्तांताच्या नवव्या प्रकरणातले. बाकी २५ फायली धड.

२ मार्च, रविवार

आत्याला नवव्या प्रकरणाचं सांगितलं. ती उठली आणि फ्लॉप्यांचा दुसरा डबा घेऊन आली. "रोज रात्री कॉपी काढल्याशिवाय मी दिवा मालवला नाही कधी." खरंच, 'कु. वृ. ९' लिहिलेली फ्लॉपी होती. पण पत्र्याचं झाकण सरकवलं तर आतल्या तबकडीवर बुरशीचे राखाडी ठिपके. नदीकाठची पेठ, वीस पावसाळे. अशी फ्लॉपी तशीच घातली असती तर ड्राइव्हचं हेडही खराब झालं असतं आणि तबकडी खरवडून निघाली असती.

कवच कडेने उघडून तबकडी बाहेर काढली. आयसोप्रोपिल आणि भिंगाचं मऊ फडकं, मधून कडेकडे, अजिबात न दाबता. दोन्ही बाजू. एका कोऱ्या फ्लॉपीचं कवच उघडून त्यात बसवली. सुकू दिली. ८० ट्रॅक, दोन बाजू, १८ सेक्टर: एकूण २८८०. वाचताना आकडा पुढे सरकताना आम्ही दोघी बोलत नव्हतो. २८८० पैकी २८८०.

ड्राइव्हचं हेड लगेच पुसून घेतलं.

९ मार्च, रविवार

रोजच्या वापराला जुनी डिस्क नको. ५१२ एमबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या अडॅप्टरने आयडीई केबलवर बसतं आणि बायॉसला हार्ड डिस्कच वाटतं. याहून मोठं घेण्यात अर्थ नाही, या बायॉसची मर्यादा ५२८ एमबीची आहे. ४८६ वरच डॉस ६.२२ च्या फ्लॉपीने पार्टिशन आणि फॉरमॅट केलं, मग फायली इमेजमधून कार्डावर भरल्या. सुरू होईना. कार्डावर मास्टर बूट रेकॉर्डच (एमबीआर, यंत्र सुरू होताना डिस्कवरून पहिल्यांदा वाचला जाणारा भाग) नव्हता. एफडिस्कला एमबीआरचा स्विच देऊन तो लिहिल्यावर झालं. विंडोजने स्वॅप फाइल बिघडल्याची तक्रार केली, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ती नवी बनवली.

लॉक प्रिंटर पोर्टला लावला. पेजमेकर उघडला. पहिलं प्रकरण. आत्याचं पान, तिच्या समासांसह.

३० मार्च, गुढीपाडवा

गेले तीन आठवडे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये, आणण्यात गेले. हेही संगणकाच्या दुरुस्तीसारखंच काम आहे, म्हणून इथेच लिहिते.

मराठीसाठी प्रमाण कोड तेव्हाही होता: १९९१ चा इस्की. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्र त्याच्यावर चालायचं, आणि त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जात. डीटीपीचे फॉन्ट मात्र वेगळ्या वाटेने गेले. त्यांत अक्षर नाही, अक्षराचा आकार साठवलाय: अर्धा स, काना, वेलांटी, रफार, हे सगळे शिशाच्या खिळ्यांसारखे सुटे तुकडे. आणि कुठल्या तुकड्याला कुठला क्रमांक हे ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं.

त्यामुळे 'स्थिती' लिहिताना फायलीत आधी पहिली वेलांटी येते, मग अर्धा स, मग थ, कारण डोळ्याला ती तशी दिसते. युनिकोडमध्ये स, हलन्त, थ, आणि मग वेलांटी. रफार याच्या उलट: 'अर्क'मध्ये जुन्या फायलीत तो क नंतर, युनिकोडमध्ये क च्या आधी. मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आधी कुठला तुकडा म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता, मग वेलांट्या उजवीकडे ढकलायच्या, रफार डावीकडे.

शंभर पानं बरोबर आली असं वाटलं. आत्या प्रुफं वाचत होती. तिने पेन्सिलने एक ओळ अधोरेखित केली: 'लग्नात आचार्याला अकरा रुपये दिले.' म्हणाली, "आचार्य नाही गं, आचारी. स्वयंपाक करणारा." मूळ पानावर 'आचाऱ्याला' होतं. अर्ध्या र चा तो आडवा चंद्र मी तक्त्यात साधा अर्धा र म्हणून टाकला होता, त्याचा रफार झाला. युनिकोडमध्ये त्याला वेगळाच र लागतो, खाली नुक्ता (टिंब) असलेला. तक्ता सुधारला, सगळी प्रकरणं परत चालवली. वाऱ्या, दऱ्या, गुऱ्हाळ, सगळे जागेवर आले. आत्या नसती तर आमच्या घराण्याच्या इतिहासात एक आचार्य वाढला असता.

आज सेलच्या डब्यावर तारीख लिहिली. दर पाडव्याला सेल बदलायचे.

२० जुलै, रविवार

पावसाळ्याची नोंद. दर रविवारी तासभर चालू ठेवतो, आतली ऊब ओल घालवते. सिलिकाच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर भाजून परत आत. मॉनिटरवर सुती कापड, प्लॅस्टिक नाही, त्याच्या आत दव धरतं. पाच व्होल्टची तार आज ५.०६. काकांनी टाचलेल्या तिन्ही वायरी ठीक.

आत्या आता स्वतःच येऊन बसते. तिने मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा दिलेली, बोटं टाइपरायटरच्या पद्धतीवर. माझ्या लॅपटॉपवर तिला अक्षर शोधावं लागतं. इथे ती कीबोर्डकडे बघतसुद्धा नाही.

आज तिने सहावं प्रकरण उघडून वाचायला घेतलं आणि मधेच थांबली. 'कशेळी'च्या जागी 'कशेडी' छापलं गेलं होतं. पहिलं आमचं मूळ गाव, दुसरं एका घाटाचं नाव. एकोणतीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, नव्या प्रतीत मी करते दुरुस्त." "ते कर. पण ही माझी प्रत आहे," म्हणाली. एक अक्षर खोडलं, ळ टाकला, फाइल सेव्ह केली. मग डब्यातून कोरी फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली आणि लेबल लिहायला पेन शोधायला लागली.